बादशाच्या माघारी चिंगीचं जेवण

मागच्या महिन्यात सेलूहून एका बाईंचा फोन आला. ओळख ना पाळख. त्यांच्या दोन कुत्र्यांपैकी एकाला इंजेक्शन देऊन कायमचं शांत करावं लागलं होतं, आणि दुसरा आठ दिवस झाले दारातून उठत नव्हता. आष्टीच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी त्यांना माझा नंबर दिला होता. मी पाऊण तास बोलले. शेवटी त्याच म्हणाल्या, ताई, हे सगळं लिहून का ठेवत नाही? मला नुसतं ‘लिही’ म्हटलं तरी पुरतं. तीस वर्षं अंगणवाडीची रजिस्टरं लिहिली, त्यात माझ्या मनातलं एक अक्षरही कधी मावलं नाही.

मी डॉक्टर नाही. औषधांची नावं विचारू नका, मला ती तेव्हाही नीट म्हणता येत नव्हती. आणि ‘कुत्र्याचं काय एवढं’ असं ज्यांना वाटतं त्यांनी इथंच थांबलं तरी चालेल. माझा राग नाही. थोडा आहे.

काटा

तळेगावहून आष्टीकडे जाताना आमची संत्र्याची तीन एकर बाग लागते. घर बागेतच. मी आणि माझे मिस्टर, दोघंच. मिस्टरांना मी ‘हे’ म्हणते, तेच इथंही म्हणेन. हे वीज खात्यात लाइनमन होते, आता निवृत्त. मुलगी पल्लवी नागपूरला नर्स आहे. बादशा आमच्याकडे नऊ वर्षं होता. अंगानं पांढरा, छातीनं रुंद आणि वागायला नावाप्रमाणे. चिंगी चार वर्षांनी मागून आली. पल्लवीनं तिला संत्र्याच्या रिकाम्या पेटीत घालून आणलं होतं, मूठभर होती.

बागेत रानडुकरं यायची. बादशा समोरून भुंकत जायचा आणि चिंगी बाजूनं वळसा घालायची. दोघांनी मिळून डुकरांना असं हाकललेलं मी पाहिलं आहे की शेजारच्या बागेवाल्यांनी त्यांना उसनं मागितलं होतं.

थंडीत बादशा पुढचा पाय उचलून चालायला लागला. यांनी पाहिलं आणि सांगून टाकलं की बाभळीचा काटा आहे. मग एरंडाचं पान गरम करून, तेल लावून पायाला बांधायचं चालू झालं. रोज नवीन पान. मीच तोडून आणून द्यायचे. तीन आठवडे आम्ही नसलेल्या काट्याची वाट पाहत बसलो. तेव्हाच नेलं असतं तरी फरक पडला नसता, असं मॅडम म्हणतात. मी ऐकून घेते.

नागपूरचा दिवस

आष्टीच्या मॅडमनी पाय दाबून पाहिला आणि नागपूरला फोटो काढून आणा म्हणाल्या. सलीमभाऊंची मालवाहू गाडी ठरवली. सलीमभाऊ आमच्याच रस्त्यावर राहतात, संत्री मंडईत नेतात. बादशाला मागं ठेवलं तर चिंगीनं उडी मारली आणि उतरायलाच तयार नाही. मग तीही निघाली.

पल्लवी ड्यूटीवरून थेट तिथं आली. डॉक्टरांनी एक्सरे उजेडासमोर धरला. पायाचं हाड चाळणीसारखं दिसत होतं. हाडाचा कॅन्सर. पाय कापून टाकला तर काय होईल, असं यांनी विचारलं. डॉक्टरांनी छातीचा दुसरा फोटो दाखवला. तिथंही पसरला होता.

मला आधी लाज वाटली, मग भीती. लाज कशाची, तर इतका वेळ मी एरंडाची पानं तोडत होते याची. येताना कोंढाळीजवळ यांनी गाडी थांबवायला सांगितली आणि आलूबोंडे आणले. बादशानं दोन खाल्ले. त्याचा उरलेला एक चिंगीनं खाल्ला. सलीमभाऊंनी तोंड फिरवून डोळे पुसले आणि धूळ गेली म्हणाले.

दर तिसऱ्या दिवशी

मग दर तिसऱ्या दिवशी आष्टीचा दवाखाना. दुखणं कमी करायचं इंजेक्शन, कधी सलाईन. रांगेत बकऱ्या, म्हशीची वगार, कोंबड्यांची टोपली. पहिल्या दिवशी दोन-तीन जणांनी विचारलं, की कुत्र्यासाठी गाडी करून आले? मी म्हटलं, तो चालत येत नाही म्हणून. नंतर तेच लोक आम्हाला सावलीत जागा करून द्यायला लागले. एका म्हाताऱ्या बाबांनी बकरी मागं घेऊन आमचा नंबर आधी लावला. बादशाला पायरी चढवेना, तेव्हा मॅडम स्वतः सिरिंज घेऊन गाडीपाशी यायच्या. हे सगळं मी विसरणार नाही.

चिंगी प्रत्येक वेळी सोबत. बादशाला टोचताना ती त्याच्या पाठीला पाठ लावून बसायची. गाडी म्हणजे दवाखाना आणि दवाखान्यातून परत घर, हे तिला पाठ झालं होतं.

सहा आठवडे असे गेले. मग इंजेक्शन एक दिवसही पुरेना. मॅडमनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की आता तुम्ही विचार करा. कशाचा ते मला कळलं.

पहिलं शील

आमच्या विहारात रविवारची वंदना हे घेतात. पंचशिलातलं पहिलंच शील जीव न घेण्याचं. पंचवीस वर्षं ते माणसांकडून म्हणवून घेतलं, आता स्वतःच्या दारात इंजेक्शन कसं मागवायचं, असं यांना वाटत होतं. यांचं चूक होतं असं मी तेव्हा म्हटलं, आज म्हणणार नाही. पण बादशाचं कण्हणं स्वयंपाकघरात बसून मी ऐकत होते. मी बोलले, भांडले, मग बोलणं बंद केलं.

पल्लवीनं फोनवर वडिलांना स्पष्ट सांगितलं, “बाबा, तुम्ही त्याले वाचवून नाई राह्यले. तुम्ही सोताले वाचवून राह्यले.”

यांनी फोन ठेवला आणि दोन दिवस मिठाची गुळणी धरून बसले. मला वाटलं होतं, लेक फार बोलली. तिसऱ्या दिवशी सकाळी बादशा खाली बसायला गेला, पाय दुमडला आणि तो ओरडला. तसा आवाज मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. हे उठून त्याच्याजवळ गेले, बराच वेळ बसले, आणि आत येऊन मला म्हणाले, “मॅडमले फोन कर. शील मोडलं तं माह्यं मोडन. त्याले काऊन भोगाले लावू?”

चौतीस वर्षांच्या संसारात या माणसाचा मला इतका अभिमान कधी वाटला नव्हता. मी तसं बोलून दाखवलं नाही. फोन लावला.

आमची चूक

आता ती चूक सांगते, जिच्यासाठी हे सगळं लिहिते आहे.

आमच्याकडे घरात मयत असली की लहान लेकरांना शेजारी पाठवतात. पाहू नये, घाबरू नये म्हणून. मला लहानपणी असंच पाठवलं होतं आणि मीही पल्लवीला पाठवलं होतं. तर मॅडम दहा वाजता येणार म्हटल्यावर मी आठ वाजताच चिंगीला सलीमभाऊंच्या गाडीतून तळेगावला माझ्या जावेकडे पाठवून दिलं. ती गाडीत चढायला तयार नव्हती, कारण बादशा चढला नव्हता. मी तिला उचलून आत टाकलं. मोठं शहाणपण केलं असं मला वाटलं होतं.

ओसरीवर बादशाचं डोकं यांच्या मांडीवर होतं. पहिल्या इंजेक्शननं तो घोरायला लागला. कित्येक दिवसांत तो असा झोपला नव्हता, आणि आम्ही दोघंही ते घोरणं ऐकत राहिलो, मॅडमही थांबल्या. मग दुसरं दिलं. कुठं धडपड नाही, काही नाही. ज्यांच्यावर ही वेळ येणार आहे त्यांना एवढं सांगते, की त्या वेळी जवळ बसा. तुम्हाला झेपतं.

बांधाजवळच्या निंबाखाली यांनी स्वतः खड्डा खणला, वर दगड रचले. मी ओसरी सारवली. चार वाजता चिंगी परत आली तेव्हा सगळं स्वच्छ होतं.

फाटकापाशी

ती आधी ओसरीवर गेली, मग विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत, मग बागेत एकेक ओळ धरून. निंबाकडेही गेली, दगडांभोवती फिरली, पण थांबली नाही. नंतर येऊन फाटकाशी बसली, रस्त्याकडे तोंड करून. सलीमभाऊंची गाडी दिसली की धावत सुटायची. बादशा गाडीतून जातो आणि गाडीतूनच परत येतो, हे तिला पाठ होतं ना. सलीमभाऊ रोज थांबायचे, मागचा पल्ला खाली पाडायचे आणि तिला रिकामी गाडी हुंगू द्यायचे. संत्र्याच्या हंगामात त्या माणसाला श्वास घ्यायला फुरसत नसते, तरी एक दिवस चुकवला नाही.

जेवण बंद. पहिल्या दिवशी वाटलं, दुःख आहे, खाईल. दुसऱ्या दिवशी दूध-भाकर, तिसऱ्या दिवशी अंडं, चौथ्या दिवशी मटणाचा रस्सा. थाळी ठेवली की ती यायची, दोन हात अंतरावर बसायची आणि पाहायची. एकदा थाळीकडं, एकदा माझ्याकडं. तोंड लावायची नाही. गावातल्यांनी सल्ले दिले. कोणी नजर काढा म्हणालं. एकानं तर कुत्र्याचं पिल्लूच आणून दारात ठेवलं, की हे पाहून बादशाला विसरेल. मी पिल्लू त्याच्या पिशवीत परत घातलं आणि चहा न देता वाटेला लावलं.

पाचव्या दिवशी मी तिच्यावर चिडले. जबरदस्तीनं तोंड उघडून घास कोंबला. तिनं तो माझ्या मनाखातर थोडा वेळ तोंडात धरला आणि हळूच खाली ठेवला. मी तिला म्हटलं, नाटकं करते मेली. आणि मग तिथंच खाली बसून रडले. तिच्या बरगड्या दिसायला लागल्या होत्या. एक आमच्या हातानं गेला होता, दुसरी आमच्या डोळ्यांसमोर जाणार असं मला दिसत होतं.

मॅडमचा प्रश्न

सातव्या दिवशी तिला आष्टीला नेलं. ताप नाही, रक्तात काही नाही. सलाईन लावलं. आणखी चार-पाच दिवस असेच गेले तर आपल्या हातात फार काही राहणार नाही, असं मॅडमनी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, “ती आधी कशी जेवायची? थाळी ठेवल्यापासून सांगा मला.”

मी सांगायला लागले. आधी बादशा खायचा. ही दोन हात अंतरावर बसायची. त्याचं झालं की तो तोंड चाटत बाजूला व्हायचा, मग ही पुढं येऊन उरलेलं खायची. दोन थाळ्या ठेवून पाहिल्या होत्या, तरी त्याचं होईपर्यंत ही स्वतःच्या थाळीला शिवायची नाही. पाहुण्यांना मी कौतुकानं दाखवायचे, की बघा, आमच्या चिंगीला वळण किती चांगलं आहे.

सांगता सांगता मी चिंगीकडं पाहिलं.

ते दोन हात अंतर मला ओळखीचं होतं. ती माझीच जागा होती. चौतीस वर्षं मी चुलीपाशी तशीच बसत आले. आधी सासरे, मग हे, मग पल्लवी, आणि सगळ्यांचं झालं की पातेल्यात उरलेलं माझं. कोणी दम देऊन बसवलं नव्हतं. वळणच पडलं होतं. आणि सासरे एकदा परगावी अडकले होते तेव्हा मी रात्रीपर्यंत उपाशी राहिले होते, कारण पहिलं पान मांडलं गेलं नव्हतं.

चिंगीनं अन्न सोडलं नव्हतं. तिची पाळी आली नव्हती. आणि ज्याची पाळी तिच्या आधी, तो आता येणार नाही, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं, कारण मी तिला उचलून तळेगावला धाडलं होतं.

मॅडमना मी एवढंच म्हटलं, “माह्या ध्यानात आलं.”

निंबाखाली

घरी येऊन यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हे चिंगीला उचलून निंबाखाली घेऊन गेले. वरचे चार-दोन दगड बाजूला केले, माती मोकळी केली आणि तिला त्यावर ठेवलं. मी मोटारीच्या खोलीआडून पाहत होते. हा माणूस लेकीच्या लग्नातही चार वाक्यं बोलला नव्हता.

“चिंगे,” हे म्हणाले, “बादशा इथं हाय. गाडीत नाई गेला तो. आता तो येत नाई. तुले पाठवलं, ते आमचं चुकलं.”

कुत्र्याला काय कळतं, मला माहीत नाही. तिनं माती हुंगली, खूप वेळ हुंगली. मग त्यावर हनुवटी टेकून पडली. हे शेजारी बसून राहिले, ऊन अंगावर येईपर्यंत. त्या दिवशी सलीमभाऊंची गाडी आली तेव्हा चिंगीनं मान वर केली, पण धावली नाही. सलीमभाऊ पल्ला पाडून उभे होते.

माझी पाळी

दुपारी मी ओसरीवर, बादशाच्या जागेवर, जमिनीवर बसले. ताटात ज्वारीची भाकर आणि वरण. हे बागेतून भुकेले आले होते. मी हातानं थांबा म्हटलं. चिंगी दोन हात अंतरावर येऊन बसली. मी पहिला घास घेतला. यांच्या आधी. चौतीस वर्षांचं वळण अंगात मुरलेलं. तरी खाल्लं, निवांत खाल्लं, शेवटची पाव भाकर वरणात कुस्करून ताट तिथंच ठेवलं आणि बादशासारखी बाजूला झाले.

चिंगी पुढं आली. ताट हुंगलं. माझ्याकडं पाहिलं. आणि खाल्लं.

मी दाराआड पदर तोंडात कोंबून रडत होते. हे माझ्या मागं फोन घेऊन उभे, पल्लवीला पाठवायला व्हिडिओ काढायचा होता, आणि ते बटण यांना शेवटपर्यंत सापडलं नाही.

मग रोज तेच, दोन्ही वेळा. मी आधी, मग चिंगी, मग हे. एकदा हे म्हणाले, तू आज निवांत बस, मी जेवतो तिच्यासमोर. आणि हे बसले. पण यांना खांबावर चढायच्या दिवसांपासून ताट चाटूनपुसून स्वच्छ करायची सवय. जेवण झालं तर ताटात शितही नाही. चिंगीनं ते ताट पाहिलं, यांच्याकडं पाहिलं आणि माझ्याकडं पाहिलं. पंधरा दिवसांत मी पहिल्यांदा हसले. हे जरा रागावले.

विहारात बातमी पोचली, की यांच्या घरी बाई आधी जेवते. बायांनी चिडवलं. मी म्हटलं, होय, डॉक्टरांचं सांगणं आहे. दोघी-तिघी जणी त्यावर हसल्या नाहीत, विचारात पडल्या.

सेलूच्या बाईंना मी जे सांगितलं ते तुम्हालाही सांगते. मागं राहिलेल्याला लांब पाठवू नका, त्याला पाहू द्या, हुंगू द्या. ओसरी लगेच सारवू नका. आणि तो जेवत नसेल तर पदार्थ बदलत बसण्याआधी आठवून पाहा, की दोघं असताना जेवण कसं व्हायचं, कोण कुठं बसायचं. तुमच्याकडं काही वेगळंच निघेल. आमच्याकडं हे निघालं.

आष्टीचा बाजार

दीड महिना झाला होता. चिंगीच्या बरगड्या भरल्या होत्या. एका संध्याकाळी डुकरं आली तर ती वळसा न घालता सरळ समोरून गेली, बादशासारखी, आणि तीन एकर दणाणून सोडलं. हे दुसऱ्या दिवशी शेजारच्या बागेत काही काम नसताना जाऊन ती गोष्ट सांगून आले. तरी जेवणाचं मात्र तसंच होतं. मी जेवल्याशिवाय ती ताटाला तोंड लावत नव्हती. मला कुठं जायची सोय राहिली नव्हती.

एका बाजाराच्या दिवशी मी आष्टीला गेले आणि परतीची एसटी चुकली. दुसरी मिळेपर्यंत तीन वाजले. जीव टांगणीला लागला होता, की चिंगी उपाशी असेल. फाटकापासून जवळजवळ धावतच आले.

हे ओसरीवर उभे होते, हातात चिंगीची थाळी. थाळी रिकामी. चिंगी पायरीवर पाय पसरून पडली होती, मी आल्यावर शेपटी हलवली, उठलीही नाही.

यांचा चेहरा मी सांगू शकत नाही. म्हणाले, “तुही वाट नाई पाह्यली तिनं. म्या थाळी ठेवली आन् ती सरळ जेवली. सगळं जेवली.”

मी पिशवी खाली ठेवली. चिंगीच्या डोक्यावरून हात फिरवला, तिचं पोट चाचपलं. तट्ट भरलेलं होतं. मीच बसवून शिकवलं होतं हिला, आणि ती माझ्यावाचून जेवली होती.

सकाळपासून माझ्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. यांचंही जेवण राहिलं होतं, चुलीपाशी दोन ताटं पालथी होती. मी हातपाय धुतले आणि चुलीकडं न जाता ओसरीवरच बसले.

“मंग आता मले वाढा,” मी म्हटलं.

यांनी वाढलं.